नायिका ओरडलीच नाही

१

नायिकेनं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

सभागृहातली सगळी माणसं याच क्षणासाठी खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती. पडद्यावर तिचे डोळे विस्फारले, मानेच्या शिरा ताठल्या, ओठ थरथरत उघडले आणि उघडेच राहिले. मागून नुसती शांतता. मग कात्री फरशीवर पडल्याचा खणखणीत आवाज झाला, पडदा काळा झाला, सिनेमा संपला.

हॅलोविनच्या संध्याकाळी इथलं चित्रपट मंडळ दरवर्षी एकच जुना सिनेमा दाखवायचं, ‘दुसरं माप’. दारात भोपळ्यांचे दिवे, आत काळोख आणि शेवटी ती किंकाळी, असा ठरलेला बेत. नायिकेला पाहुणी म्हणून बोलवायचं आणि ‘एकदा ओरडून दाखवा ना’ अशी गळ घालायची, हेही ठरलेलं. ती हसून म्हणायची, “या वयात नको, लोक डॉक्टर बोलावतील.”

यंदा कुणी गळ घातली नाही. आधी कुजबुज झाली, मग टाळ्या पडल्या. काही जण तर बाहेर पडताना म्हणाले, “काय धाडस! न ऐकू येणारी किंकाळी जास्त भीती घालते.”

पहिल्या रांगेत नायिका नवऱ्याच्या हातावर हात ठेवून बसली होती. नवरा या सिनेमाचा संकलक. याच वर्षी त्याची नजर पूर्ण गेली होती. त्याच्या पलीकडे नायिकेची धाकटी बहीण. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मंडळाचा कार्यवाह जिने चढत धापा टाकत प्रक्षेपणाच्या खोलीत पोचला, तेव्हा ऑपरेटर शेवटचं रीळ उलगडून दिव्यासमोर धरून उभा होता.

“मशीन बिघडलं का?” कार्यवाहानं विचारलं.

“मशीनला काही झालेलं नाही,” ऑपरेटर म्हणाला. त्यानं रागानं पट्टी पुढं केली. “हे बघा. कुणीतरी तिचा गळा दाबलाय.”

२

कार्यवाहाची थोरली बहीण विमा कंपनीतून निवृत्त झालेली. लोकांचे दावे खरे की खोटे हे तपासण्यात तिचा जन्म गेला होता. जळालेलं दुकान नुसतं हुंगून ती सांगायची, आग आतून लागली की बाहेरून. भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून मंडळातले सगळेच ताई म्हणायचे. सिनेमाचा मात्र तिला मनस्वी कंटाळा.

“पोलिसांत जावं तर लोक हसतील,” भाऊ म्हणाला. “आणि गप्प बसावं तर ऑपरेटर काम सोडीन म्हणतोय. ताई, तू बघ ना.”

“मी तो सिनेमा पाहिलेला नाही.”

“पाहून घे.”

“मुळीच नाही. ज्यांनी पाहिलाय ते सांगतील. माणूस सिनेमाबद्दल बोलायला लागला की स्वतःबद्दल फार बोलतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेटरनं तिला फिल्मची पट्टी दाखवली. चित्रांच्या कडेला नागमोडी बारीक पट्टा होता, त्यात आवाज साठवलेला असतो. एका जागी त्या पट्ट्यावर काळा रंग होता. बाजूच्या खोलीत भोपळ्यांचे डोळे रंगवायला आणलेला, साधा पाण्यात कालवायचा रंग.

“दुपारी मी हेच शेवटचं रीळ लावून बघितलं,” ऑपरेटर म्हणाला. “किंकाळी अगदी ठणठणीत होती. रीळ टेबलावर तसंच ठेवलं आणि खाली दिवे लावायला गेलो. परत येऊन उलटं गुंडाळलं, संध्याकाळी चढवलं. मधल्या वेळातच झालंय हे.”

“म्हणजे कुणीही चार फराटे मारून गेलं असेल.”

“कुणीही कसं? ही चौकट बघा, हिचं तोंड उघडतंय. आणि काळा रंग कुठंय? इथं नाही, हातभर मागं. मशीनमध्ये चित्र आधी दिव्यासमोर येतं, आवाज वाचणारा डोळा त्याच्या पुढं असतो. म्हणून एखाद्या चित्राचा आवाज त्याच्या शेजारी छापत नाहीत, थोडा अलीकडं छापतात. नवख्या माणसानं या उघड्या तोंडाशेजारी रंग फासला असता, तर किंकाळी सुरू होऊन मध्येच तुटली असती. याला बरोबर ठाऊक होतं.”

ताईनं चष्मा सरसावला. “आणि रंगाची टोकं अशी तिरकी का?”

ऑपरेटरनं पट्टी दिव्याजवळ नेली. “ती एडिटिंगच्या टेबलावरची पद्धत. टोक सरळ ठेवलं तर स्पीकरमध्ये ‘टक्’ वाजतं. तिरकं ठेवलं की आवाज गुपचूप विरतो. मी कधी इतकं नाजूक करत बसत नाही. मी जोडलेल्या फिल्मचे सांधे टक्टक् वाजतात, विचारा कुणालाही.”

“अजून काही?”

“रंग चकचकीत बाजूनं लावलाय. दुसऱ्या बाजूला चित्राचा मसाला असतो. तिथं लावला असता तर पुसताना फिल्म खरवडली असती. हा ओल्या कापसानं निघेल.”

“म्हणजे गळा दाबणाऱ्याला जीव घ्यायचा नव्हता,” ताई म्हणाली. “त्या मधल्या वेळात या खोलीत कोण होतं?”

“संकलक साहेब इथंच खुर्चीवर बसून होते. त्यांना मशीनची घरघर ऐकायला आवडते. धाकट्या बाई चहा घेऊन आल्या होत्या, नायिका बाई शाल घेऊन. जिन्यावर दोघी मला वेगवेगळ्या भेटल्या.”

“आणि साहेबांना काही ऐकू आलं नाही?”

“म्हणतात, डोळा लागला होता.”

३

नायिका घरी बाल्कनीत झाडांची वाळकी पानं खुडत बसली होती. चेहऱ्यावर सुरकुत्या होत्या, पण मान वळवण्याची ढब अशी, की कॅमेरा अजून समोर असावा.

“मला सिनेमातलं काही कळत नाही,” ताई म्हणाली. “गोष्ट काय आहे, तुम्हीच सांगा.”

नायिका खुलली. “एक बाई नव्या शिंप्याकडे कोट शिवायला जाते. तो टेपला हातही न लावता म्हणतो, तुमचं माप आहे माझ्याकडे. ती म्हणते, मी इथं पहिल्यांदाच आलेय. तो नुसता हसतो. आठवड्यानं कोट तयार आणि अंगाला अगदी चपखल! मग गावात लोक तिला ओळख देऊ लागतात. काल तुम्ही असं म्हणालात, परवा तिथं बसला होतात. हिला काहीच आठवत नाही. आपल्याच मापाची दुसरी कुणीतरी आपलं आयुष्य जगतेय, असं तिला वाटू लागतं.”

“भूत?”

“तीच तर गंमत आहे. भूत नाही, रक्त नाही, एक साधी थप्पडसुद्धा नाही. नुसते आरसे आणि टेप. दिग्दर्शकानं मला एकच सांगितलं होतं, घाबरू नकोस, हेवा कर. ती दुसरी तुझ्यापेक्षा बरी जगतेय असं समज.”

“आणि शेवट?”

“शेवटी ती दुकानात जाते. मागं कपडे घालून बघायची खोली असते. ती दार उघडते. आत काय आहे ते प्रेक्षकाला दिसतच नाही, कॅमेरा फक्त माझ्या चेहऱ्यावर. सबंध पडदाभर चेहरा! अजून लोक त्या चेहऱ्याबद्दल लिहितात. मग कात्री पडते आणि संपतं.”

ताईनं मान डोलावली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “तुम्ही सिनेमात कशा आलात?”

“यांच्या टेबलावरून. मी यांच्याकडे कामाला होते. फिल्मचे तुकडे लावायचे, नंबर घालायचे. एक दिवस नायिका आली नाही, हे म्हणाले, तू उभी राहा दिव्यासाठी.” ती हसली. “जी उभी राहिले ती अजून खाली बसले नाही.”

ताई उठली. दारापर्यंत आल्यावर नायिका मागून म्हणाली, “माझ्या बहिणीला फार टोचून विचारू नका. ती हळवी आहे. तिला माझं फार... म्हणजे लहानपणापासूनच.” आणि वाक्य तसंच सोडून ती पुन्हा पानं खुडू लागली.

४

धाकटीचं घर दोन गल्ल्या सोडून. ती मुलांना गाणं शिकवायची. लग्न केलं नव्हतं.

“अक्कानं पाठवलं असेल तुम्हाला,” दार उघडताच ती म्हणाली.

“उलट, तुम्हाला टोचू नका म्हणाल्या.”

“म्हणजे पाठवलंच की.”

सिनेमाचं विचारल्यावर ती खिडकीकडे बघत बोलू लागली. “अक्काचा चेहरा बघायचा त्यात. पायऱ्या चढताना, कोटाचं बटण लावताना, आरशासमोर. देवानं एकाच घरात एवढं रूप दिलं आणि तेही एकाच पदरात टाकलं. मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी वाटतं, त्यातलं एक बोटभर मला दिलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“आणि किंकाळी?”

धाकटी खिडकीपासून वळली. मग एकदम म्हणाली, “ती माझी आहे.”

“तुमची आवडती?”

“माझी. मी ओरडलेय ती. आवाज भरायच्या दिवशी अक्काचा घसा बसला होता. मी सोबत म्हणून गेले होते. दिग्दर्शक म्हणाला, सख्ख्या बहिणी आहात, आवाजाची जात एकच, तू ओरड. श्रेय वगैरे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. पुढं सिनेमा गाजला, मग कुणी काय बोलायचं?”

“तुम्हीही बोलला नाहीत?”

“काय सांगू? की ती भीतीची किंकाळी नव्हती?” धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी माइकसमोर उभी होते. पडद्यावर अक्काचा चेहरा. काचेपलीकडे भाऊजी बसलेले. तेव्हा ते माझे भाऊजी झालेले नव्हते. मी त्यांच्या पुढ्यात उभी होते, पण त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. पडद्याकडे असे बघत होते, की मला कळून चुकलं. आणि त्याच वेळी दिग्दर्शकानं हात खाली केला. लोक म्हणतात इतकी खरी भीती कुठं ऐकली नाही. भीती कसली? जळून ओरडले मी.”

ताईच्या भावाला सगळं कळलं तेव्हा तो जवळजवळ उडालाच. “मग हीच! इतकी वर्षं बहिणीनं तिच्या आवाजावर टाळ्या घेतल्या. यंदा हिनं आपली वस्तू परत काढून घेतली.”

“काल संध्याकाळी सिनेमा संपला तेव्हा ती कशी दिसत होती?”

“पांढरी पडली होती. घाबरली असणार.”

“किंवा तिला लुटलं असणार,” ताई म्हणाली.

५

संकलक प्रक्षेपणाच्या खोलीतच भेटला. ऑपरेटर यंत्राला तेल घालत होता आणि हा खुर्चीत मान कलती करून ऐकत होता.

“मला सिनेमा सांगा,” ताई म्हणाली.

“आता कसा सांगू? ऐकवतो.” त्यानं बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरला. “कात्रीचा आवाज पहिल्यापासून आहे. शिंपी कापड कापतो तेव्हा, नंतर ती भाजी चिरते तेव्हा सुरीच्या जागी मी कात्रीच वाजवली. कुणाच्या लक्षात येत नाही, पण माणूस खुर्चीत सावरून बसतो. दार उघडतं तेव्हा मी बिजागरीचा आवाज काढून टाकला. दार आवाज न करता उघडलं की जास्त भीती वाटते. चित्रानं माणूस दचकतो, आवाजानं तो पोखरला जातो.”

“आणि काल त्यातलं काय गेलं?”

“श्वास,” तो लगेच म्हणाला.

“किंकाळी म्हणायचंय तुम्हाला?”

“किंकाळी तर गेलीच. पण तिच्या आधी एक श्वास आहे, आत ओढलेला. तोही गेला.” त्यानं ताल थांबवला. “रंग लावणाऱ्यानं जरा आधीपासून लावला.”

“तुम्ही इथंच होतात. काही कळलं नाही?”

“डोळा लागला होता.”

“चहा कुठल्या हाताला ठेवला होता?”

“डाव्या. फार गोड होता, धाकटी नेहमी...” तो थांबला.

ताई हलक्या आवाजात म्हणाली, “झोपलेल्या माणसाला पुष्कळ कळतं की.”

संकलकानं खुर्चीच्या हातावरून बोटं काढून घेतली. शेवटी म्हणाला, “बाई, सिनेमा मंडळाचा नाही, माझ्या घरचा आहे. प्रिंटही माझी. माझी काही तक्रार नाही. सोडून द्या.”

“नवरे इतक्या घाईनं तक्रार मागं घेतात तेव्हा आम्ही विमा कंपनीत दाव्याची फाइल पुन्हा उघडायचो,” ताई म्हणाली.

६

दुपारी तिनं सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. नायिका, धाकटी, संकलक, ऑपरेटर, कार्यवाह. खोली लहान, त्यामुळे कुणाला कुणापासून दूर बसता येईना.

“रंग लावणाऱ्याला तीन गोष्टी ठाऊक होत्या,” ताई म्हणाली. “आवाज चित्राच्या किती अलीकडे असतो, टोकं तिरकी का ठेवायची आणि कुठल्या बाजूनं लावला की फिल्म वाचते. ऑपरेटरला तिन्ही ठाऊक आहेत, पण त्याचा हात जड आहे, हे तो स्वतःच सांगतो. संकलक साहेबांनाही तिन्ही ठाऊक आहेत, पण त्यांना दिसत नाही. धाकट्या बाईंना यातलं काहीच ठाऊक नाही. आणि ती किंकाळी त्यांची. जगात त्यांची म्हणून तेवढीच एक वस्तू आहे. ती त्या का बुजवतील?”

ऑपरेटर म्हणाला, “किंकाळी त्यांची?” आणि नायिकेकडे बघू लागला.

“सिनेमा मला तिघांनी सांगितला. धाकट्या बाईंनी चेहऱ्याबद्दल सांगितलं, कारण त्यांना चेहरा हवा होता; साहेबांनी आवाजाबद्दल, कारण त्यांना आता तेवढाच उरलाय. बाई, तुम्ही शिंपी सांगितलात, आरसे सांगितलेत, दार सांगितलंत, कात्री सांगितलीत. ज्या किंकाळीची लोक वर्षभर वाट बघतात, ती तेवढी तुमच्या गोष्टीत नव्हती. आणि फिल्मच्या पट्टीवर रंग कसा लावायचा, हे तुम्ही ज्यांच्या टेबलावर शिकलात ते इथंच बसलेत.”

नायिकेनं मान खाली घातली नाही. उलट ताठ बसली.

“हो. मीच.”

“अक्का!” धाकटी ओरडली.

“तू ओरडू नकोस. पुष्कळ ओरडलीस.” नायिकेचा आवाज चिरका झाला. “यांना दिसत होतं तोवर मला काही वाटलं नाही. कान तुझे असतील, डोळे माझे होते. आता डोळेच गेले. रोज दुपारी हे त्या सिनेमाचा आवाज लावून बसतात. त्यात माझं बोलणं चालू असतं तेव्हा चहा मागतात, पेपरात काय आलंय विचारतात. आणि शेवट जवळ आला की मला म्हणतात, जरा थांब, भांडी वाजवू नकोस. एवढा संसार केला, मी बोलत असताना यांनी कधी रेडिओसुद्धा बंद केला नाही. आणि तिच्या एका ओरडण्यासाठी घर गप्प करतात! एक दिवस तरी त्यांनी वाट बघावी आणि ती येऊ नये, एवढंच मला हवं होतं.”



“मला कळलं होतं,” संकलक म्हणाला. “तू रंगावर फुंकर घातलीस. टेबलावर असतानाही घालायचीस, वाळेपर्यंत तुला धीर नसायचा.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू इतक्या वर्षांनी फिल्मला हात लावत होतीस. ऐकत बसलो.” त्यानं हात पुढं केला, पण तो हवेतच राहिला, कारण ती कुठल्या बाजूला आहे ते त्याला नक्की कळेना. “मी भांडी थांबवायला सांगतो ते किंकाळीसाठी नाही गं. ती काय, मोरीतूनही ऐकू येते. तिच्या आधीचा श्वास बारीक आहे. धाकटी ओरडली तेव्हा तिनं श्वास घेतलाच नव्हता, एकदम सुटली. जोडताना ते खोटं वाटलं. म्हणून शूटिंगच्या दिवशीच्या आवाजातला तुझा श्वास काढून आधी लावला. मी त्याच्यासाठी थांबतो. काल तू बाकीचं बुजवलंस आणि स्वतःलाही बुजवलंस.”

नायिकेनं तोंडावर हात घेतला. “मला कधी सांगितलं नाहीत.”

“संकलकानं सांधा दाखवायचा नसतो.”

७

रंग नायिकेनंच पुसला. ऑपरेटरनं ओला कापूस दिला आणि दिवा जवळ धरला. धाकटी शेजारी उभी राहून फिल्मचं टोक धरून होती. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मध्येच नायिका म्हणाली, “घट्ट धर, हलतंय.” धाकटीनं घट्ट धरलं.

मग रिकाम्या सभागृहात शेवटचं रीळ लावलं. ताईसुद्धा बसली, जन्मात पहिल्यांदा. बाहेर कडक ऊन होतं आणि दाराच्या फटीतून त्याची एक रेघ खुर्च्यांवर पडली होती. पडद्यावर दार उघडलं. चेहरा पडदाभर झाला. ताईनं कान टवकारले. श्वास होता खरा, अगदी बारीक. कुणाचा ते तिला सांगता आलं नसतं. ज्यांवर तिनं पोट भरलं होतं त्या सगळ्या कसोट्या तिनं आठवून पाहिल्या, आणि हा दावा तपासायचा नाही असं तिनं तिथंच ठरवलं.

मग किंकाळी आली. ताई खुर्चीतून वीतभर उडाली. कार्यवाहानं तिचा हात धरला, तो तिनं झटकला आणि पुन्हा स्वतःच धरला.

कात्री पडली. पडदा काळा झाला.

“छान ओरडलीस गं,” नायिका पडद्याकडेच बघत म्हणाली.

“चेहरा तुझा होता म्हणून,” धाकटी म्हणाली. “पुढच्या वर्षी स्टेजवर सांगशील?”

“सांगीन. पण मग ओरडून दाखवायला तुला उभं करतील.”

“मी उभी राहीन.”

“राहशीलच,” नायिका म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात जुनी धार पुन्हा आली.

दोघींच्या मध्ये संकलक बसला होता. त्याचे डोळे मिटलेले, मान कलती. त्यानं एक हात उचलला आणि वर प्रक्षेपणाच्या खोलीकडे वळून हाक दिली, “अरे, तेवढंच पुन्हा लाव रे एकदा.”

दोघी बहिणींनी एकदमच त्याच्याकडे वळून बघितलं, मग एकमेकींकडे. ‘तेवढंच’ म्हणजे कुठलं, ते दोघींपैकी कुणीच विचारलं नाही. वर रीळ उलटं फिरू लागलं.